बॅटरीवरील ध्वनिवर्धक : वॅटचा हिशेब
वणीसारख्या तालुक्याच्या गावी ऑटोरिक्षावरून होणारी जाहिरात बॅटरीच्या ध्वनिवर्धकावर चालते. अशा संचावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले शेकडो वॅट क्षणिक व फसवे असतात. सलग मिळणारी ‘आरएमएस’ शक्तीच ग्राह्य धरावी. १२ व्होल्टची बॅटरी व ४ ओहमचा स्पीकर असल्यास साध्या जोडणीतून विकृतीविना कमाल ४.५ वॅट, तर ब्रिज जोडणीतून १८ वॅट मिळतात. व्होल्टेज वाढविणारा परिपथ असल्यास शक्ती वाढते. मात्र बॅटरी लवकर उतरते. कार्यक्षमता ‘बी’ वर्गात कमाल ७८.५ टक्के, ‘डी’ वर्गात सुमारे ९० टक्के असते. आवाज कमी केल्यास ती घटते. खरेदीपूर्वी बॅटरीतून वाहणारा प्रवाह मोजून व्होल्टेजने गुणावा. त्या गुणाकाराहून अधिक सलग शक्ती कोणताही ध्वनिवर्धक देऊ शकत नाही.