कीबोर्ड ‘मेला’ की फक्त बूटलोडर उडाला? स्वस्तातल्या अर्डुइनोने तो कसा जिवंत करायचा, समजून घ्या

फर्मवेअर अपडेट करताना केबल निघाली किंवा चुकीची फाइल टाकली, आणि आता कस्टम कीबोर्ड कम्प्युटरला दिसतच नाही. अशा वेळी बोर्ड फेकून द्यायची घाई करू नका. बऱ्याचदा चिप शाबूत असते, उडालेला असतो तो बूटलोडर.

बूटलोडर म्हणजे काय?

अनेक कस्टम कीबोर्डमध्ये प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड असतो. त्यावरच्या एटीमेगा३२यू४ चिपमध्ये ३२ केबी जागा असते. त्यातले शेवटचे ४ केबी बूटलोडरसाठी राखीव असतात. यूएसबीवरून नवं फर्मवेअर घेऊन ते चिपमध्ये लिहिणं, हे त्याचं काम. तोच गेला की यूएसबीची वाट बंद होते. मग चिपच्या पिनना थेट वायर जोडून लिहावं लागतं. हे काम करणाऱ्या उपकरणाला आयएसपी प्रोग्रॅमर म्हणतात.

आधी हे तपासा

केबल बदलून बघा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. मग कीबोर्ड जोडलेला ठेवून आरएसटी आणि जीएनडी हे पिन वायरने क्षणभर, लागोपाठ दोनदा जोडा. कम्प्युटरवर काही सेकंदांसाठी नवं डिव्हाइस दिसलं, तर बूटलोडर ठीक आहे. प्रोग्रॅमरची गरजच नाही.

अर्डुइनो ऊनोला प्रोग्रॅमर कसं बनवायचं?

अर्डुइनो आयडीईच्या उदाहरणांमध्ये ‘अर्डुइनोआयएसपी’ नावाचा प्रोग्रॅम असतो. तो ऊनोवर अपलोड करा. त्यानंतर ऊनोच्या रीसेट आणि जीएनडी पिनमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याचा प्लस पाय रीसेटकडे हवा. यामुळे काम सुरू असताना ऊनो स्वतःच रीसेट होत नाही.

आता कीबोर्डची यूएसबी केबल काढून ठेवा. वीज फक्त ऊनोकडूनच जायला हवी. मग या ६ वायर जोडा:

- ऊनो ५ व्होल्ट – प्रो मायक्रो व्हीसीसी
- ऊनो जीएनडी – जीएनडी
- ऊनो १० – आरएसटी
- ऊनो ११ – १६ (मोसी)
- ऊनो १२ – १४ (मिसो)
- ऊनो १३ – १५ (एससीके)

ही जोडणी ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झच्या प्रो मायक्रोसाठी आहे. ३.३ व्होल्टच्या बोर्डला ती वापरू नका.

बूटलोडर कसा लिहायचा?

आयडीईच्या टूल्स मेन्यूमध्ये बोर्ड म्हणून ‘अर्डुइनो लिओनार्डो’ निवडा, कारण त्यातही हीच चिप आहे. पोर्ट ऊनोचा आणि प्रोग्रॅमर ‘अर्डुइनो ॲज आयएसपी’ ठेवा. मग ‘बर्न बूटलोडर’ दाबा. फ्यूज म्हणजे चिपच्या मूळ सेटिंग्ज. त्या आयडीई स्वतःच लिहितं. हाताने बदलायला जाऊ नका. तिथे चूक झाली तर चिप प्रोग्रॅमरलाही प्रतिसाद देणं बंद करू शकते.

एरर आली तर बहुतेक वेळा वायर सैल असते किंवा मोसी-मिसोची अदलाबदल झालेली असते. हेच पिन कीबोर्डच्या बटणांसाठीही वापरलेले असू शकतात, त्यामुळे या काळात कोणतंही बटण दाबू नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक

प्रोग्रॅमर हाताशी आहे म्हणून त्यावरूनच कीबोर्डचं फर्मवेअर टाकायचं, असं अनेकांना वाटतं. पण लिहिण्याआधी प्रोग्रॅमर सहसा अख्खी चिप पुसतो. म्हणजे कीबोर्ड चालू होईल, पण बूटलोडर पुन्हा जाईल आणि पुढच्या अपडेटला परत वायर जोडाव्या लागतील. म्हणून प्रोग्रॅमरने फक्त बूटलोडर लिहा. मग वायर काढा, यूएसबी जोडा, आरएसटी आणि जीएनडी एकदा जोडून सोडा. बूटलोडर साधारण ८ सेकंद जागा राहतो. तेवढ्यात क्यूएमके टूलबॉक्समधून फर्मवेअर टाका.

सगळ्याच कीबोर्डना हे लागतं का?

नाही. आरपी२०४० चिपच्या बोर्डमध्ये सुरुवातीचा बूटलोडर चिपच्या रॉममध्येच असतो. तो चुकूनही पुसला जात नाही. तिथे बूट बटण दाबून ठेवून केबल जोडली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल त्यात कॉपी करता येते. त्यामुळे सर्वात आधी आपल्या बोर्डवर कोणती चिप आहे, ते बघा.