लीगबाहेरचा संघ : न्यूयॉर्क रेनेसाँ (१९२३-१९४९)

धंदेवाईक बास्केटबॉलचा इतिहास सामान्यतः लीगांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लीग म्हटली की वेळापत्रक आले, गुणतक्ता आला, खेळाडूंच्या नोंदी आल्या. इतिहासकाराला यांहून सोयीचे साधन कोणते असणार? परंतु जो संघ लीगमध्ये नव्हता तो जणू अस्तित्वातच नव्हता, असा समज या सोयीपायी रूढ होतो. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एन. बी. ए.) आपली स्थापना १९४६ सालची मानते, आणि त्याच हिशेबाने तिने २०२१-२२ च्या मोसमात आपली पंचाहत्तरी साजरी केली. वस्तुतः या नावाची संस्था १९४९ मध्ये दोन लीगांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. त्यांपैकी १९४६ साली निघालेल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका (बी. ए. ए.) या लीगच्या तीन मोसमांच्या नोंदी नव्या संस्थेने आपल्या म्हणून स्वीकारल्या, तिच्याहून जुन्या नॅशनल बास्केटबॉल लीगच्या (एन. बी. एल.) स्वीकारल्या नाहीत. स्थापनेचे वर्ष ठरविणे ही निव्वळ कालगणनेची बाब नसते, हे यावरून ध्यानात येईल. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या संघाची कारकीर्द १९२३ मध्ये सुरू झाली आणि नेमक्या या विलीनीकरणाच्या वर्षी संपली.

संघाचा संस्थापक रॉबर्ट डग्लस हा वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावरचा. तरुणपणी न्यूयॉर्कला येऊन त्याने प्रथम हौशी संघ चालविले. पुढे १९२३ मध्ये हार्लेममधील ‘रेनेसाँ कॅसिनो’ या नव्या वास्तूच्या मालकाशी त्याने करार केला : संघाने वास्तूचे नाव धारण करून तिची जाहिरात करावी, आणि वास्तूने संघाला खेळण्यास जागा द्यावी. (कॅसिनो या शब्दावरून येथे जुगाराचा अर्थ घेऊ नये, हे मुख्यतः नृत्यगृह होते. सामना संपला की त्याच जमिनीवर वाद्यवृंदाच्या साथीने नृत्य सुरू होई.) डग्लसने खेळाडूंशी करार करून त्यांना ठरीव वेतन दिले. मालक कृष्णवर्णीय, खेळाडूही कृष्णवर्णीय, आणि सर्वस्वी धंदेवाईक, असा हा बास्केटबॉलमधील पहिला संघ मानला जातो.

१९२५ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे दार कृष्णवर्णीय संघांना बंद होते. मग रेन्सनी (हे त्यांचे लौकिक नाव) उपजीविकेसाठी गावोगाव भटकंती पत्करली. दक्षिणेत नि मध्य-पश्चिमेत अनेक ठिकाणी त्यांना खाणावळीत प्रवेश नसे, वसतिगृहात खोली मिळत नसे. म्हणून एखाद्या मोठ्या शहरी मुक्काम ठेवून तेथून शंभर-दोनशे मैलांवरचे सामने खेळावयाचे आणि रात्री बसनेच परतावयाचे, असा क्रम असे. दौऱ्याचा व्यवस्थापक एरिक इलिज प्रेक्षकांची मोजणी स्वतः करी आणि बिदागी हाती पडल्याखेरीज संघाला खेळू देत नसे. लीगमध्ये हिशेबाची हमी संस्था घेते. येथे ती एका माणसाने घ्यावयाची होती. या परिस्थितीत १९३२-३३ च्या मोसमात रेन्सनी ८६ दिवसांत लागोपाठ ८८ सामने जिंकले. हा क्रम ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या न्यूयॉर्कच्याच गौरवर्णीय संघाने खंडित केला. त्या संघाचा उंच मध्यस्थानी खेळाडू जो लॅपचिक आणि रेन्सचा ‘टार्झन’ कूपर यांच्यातील परस्पर आदर त्या काळी सर्वश्रुत होता.

लीग नसल्यामुळे श्रेष्ठत्व सिद्ध करण्याचे साधन नव्हते. ते १९३९ मध्ये शिकागो येथील जागतिक धंदेवाईक स्पर्धेने पुरविले. रेन्सनी उपान्त्य सामन्यात हार्लेम ग्लोबट्रॉटर्सना (हा संघ नावापुरताच हार्लेमचा, त्याचे ठाणे शिकागोत होते) हरविले, आणि २८ मार्च रोजी अंतिम सामन्यात एन. बी. एल.मधील ओशकोश ऑल-स्टार्सवर ३४-२५ असा विजय मिळविला. पुढील हकीकत जॉन आयझॅक्स हा खेळाडू उत्तरायुष्यात सांगत असे. विजयाप्रीत्यर्थ डग्लसने खेळाडूंना जाकिटे दिली. त्यांच्या पाठीवर ‘कृष्णवर्णीय जगज्जेते’ या अर्थाची अक्षरे होती. आयझॅक्सने वस्तऱ्याचे पाते घेतले आणि ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द तेवढा उसवून काढला. लीगांच्या दप्तरांत या संघाविषयी जे सापडत नाही, ते या उसवलेल्या शब्दात सापडते असे मला वाटते.

युद्धकाळात खेळाडूंची वाण पडली तेव्हा, १९४२-४३ मध्ये, एन. बी. एल.च्या टोलेडो व शिकागो येथील संघांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. १९४६-४७ मध्ये रेन्सचा पॉप गेट्स आणि डॉली किंग हे त्याच लीगमध्ये खेळले. बी. ए. ए.ने मात्र तीनही मोसमांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळविला नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्क निकरबॉकर्सतर्फे जपानी वंशाचा वातारू मिसाका तीन सामने खेळला, हा अपवादही येथे नोंदविला पाहिजे : अडसर सर्वांनाच सारखा नव्हता.

अखेर डिसेंबर १९४८ मध्ये रेन्सना लीगमध्ये जागा मिळाली. पण ती कशी? डेट्रॉइटचा ‘व्हॅगाबॉण्ड किंग्ज’ हा संघ मोसमाच्या मध्यावर मोडला. त्याची रिकामी जागा रेन्सनी ओहायोतील डेटन येथून भरावयाची, आणि त्याचे २ विजय व १७ पराभवही आपल्या खाती घ्यावयाचे. गेट्सच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्वतः १४ सामने जिंकले, २६ गमावले. तारुण्य ओसरलेला हा संघ होता. या आकड्यांवरून त्याची योग्यता ठरविणे अन्यायाचे होईल.

३ ऑगस्ट १९४९ रोजी विलीनीकरण झाले. नव्या एन. बी. ए.च्या पहिल्या मोसमातील १७ संघांत शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन अशा लहान गावांचे संघ होते, रेन्स नव्हते. याचे सर्व कारण वर्णभेदात शोधणे योग्य ठरणार नाही, कारण त्या १७ संघांत ओशकोशही नव्हता, आणि डेटनमध्ये रेन्सना प्रेक्षकांचा आधारही क्षीण होता. तथापि ज्या संघाला पाव शतक घराबाहेर ठेवले, त्याला गावाचा आधार जोडण्यास अवघा अर्धा मोसम मिळाला होता, हे विसरता येत नाही. त्या पहिल्या मोसमात एन. बी. ए.मध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

पुढच्याच वर्षी हे चित्र बदलले. एप्रिल १९५० मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने चक कूपरची निवड केली. पूर्वी काही काळ रेन्समध्ये खेळलेला नॅट क्लिफ्टन निकरबॉकर्सकडे गेला, आणि तेथे त्याचा मार्गदर्शक होता तोच जो लॅपचिक. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सतर्फे अर्ल लॉइड प्रथम मैदानात उतरला. म्हणजे दार उघडले ते एकेका खेळाडूसाठी. डग्लससारखा मालक, इलिजसारखा व्यवस्थापक, गेट्ससारखा मार्गदर्शक यांना त्या दारातून वाट नव्हती. एन. बी. ए.मध्ये कृष्णवर्णीय मुख्य मार्गदर्शक येण्यास १९६६ साल उजाडावे लागले; त्या वर्षी बिल रसेलने बॉस्टनची सूत्रे घेतली. गेट्स तोवर ग्लोबट्रॉटर्सबरोबर खेळाडू व मार्गदर्शक या दुहेरी नात्याने काही वर्षे फिरून निवृत्तही झाला होता.