'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल' : एका उपसर्गाचा घोळ

पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'हायली इन्फ्लॅमेबल' असे लिहिलेले आपण अनेकदा वाचतो. रंगाच्या वा थिनरच्या डब्यावर मात्र बहुधा 'फ्लॅमेबल' असे छापलेले असते. मग या दोहोंपैकी पेट घेणारा पदार्थ कोणता आणि न घेणारा कोणता? उत्तर अनेकांना चकित करणारे आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, तो म्हणजे 'ज्वालाग्राही', सहज पेट घेणारा.

गोंधळ होतो तो 'इन' या उपसर्गामुळे. 'करेक्ट'चे 'इन्करेक्ट', 'व्हिजिबल'चे 'इन्व्हिजिबल' होताना हा उपसर्ग नकार दर्शवतो. त्याच न्यायाने 'इन्फ्लॅमेबल' म्हणजे 'न पेटणारे' असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु येथील 'इन' नकारार्थी नाही. 'फ्लामा' म्हणजे ज्वाला या लॅटिन शब्दापासून 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे हे क्रियापद झाले आणि त्यातील 'इन' हा 'आत' किंवा 'पूर्णपणे' अशा अर्थाचा आहे. इंग्रजीतील 'इन्फ्लेम' हे क्रियापद त्याच कुळातले. शरीराच्या एखाद्या भागाचा दाह होतो, त्याला डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, तेही यातूनच आले.

मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपला 'वि' हा उपसर्गही असाच दुतोंडी आहे. 'विशुद्ध' म्हणजे अधिक शुद्ध, 'विख्यात' म्हणजे फार ख्यात. पण 'विफल' म्हणजे फळ नसलेले आणि 'विसंगत' म्हणजे संगती नसलेले.

वयाने 'इन्फ्लॅमेबल' हा शब्द थोरला. तो सतराव्या शतकापासून वापरात आहे. 'फ्लॅमेबल' एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. धाकट्या शब्दाला बळ मिळाले ते व्याकरणामुळे नव्हे, तर सुरक्षिततेच्या गरजेमुळे. साहित्यात शब्दाचा अर्थ चुकला तर वाक्य बिघडते. गोदामात चुकला तर जीव जातो. म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने 'फ्लॅमेबल'चा आग्रह धरला. संदिग्धता टळावी यासाठी 1959 मध्ये ब्रिटिश मानक संस्थेनेही 'फ्लॅमेबल' व 'नॉन-फ्लॅमेबल' हीच जोडी वापरण्यास उत्तेजन देण्याचे धोरण जाहीर केले. आज संयुक्त राष्ट्रांच्या घातक मालविषयक वर्गीकरणातही 'फ्लॅमेबल' हाच शब्द आहे. त्यासोबत लाल रंगाच्या तिरक्या चौकोनात ज्वालेचे चित्र असते, ते अक्षरओळख नसलेल्यालाही कळते.

मग वापरावे काय? सूचनाफलक, वेष्टन वा तांत्रिक लेखन असेल तर 'फ्लॅमेबल' लिहावे आणि न पेटणाऱ्या वस्तूसाठी 'नॉन-फ्लॅमेबल'. तापट स्वभाव वा स्फोटक परिस्थिती यांचे वर्णन करताना 'इन्फ्लॅमेबल' आजही शोभून दिसतो. भडकाऊ भाषणासाठी मात्र या दोहोंपैकी कोणताही शब्द चालणार नाही. तेथे 'इन्फ्लॅमेटरी' हवा. कारण असे भाषण स्वतः पेट घेत नाही, ते इतरांना पेटवते.

आणि वाचताना एवढे ध्यानात ठेवावे : डब्यावर यांपैकी कोणताही शब्द दिसला, तरी काडेपेटी दूरच ठेवावी.