शुक्रलोकींचे गुरु

विज्ञानाचा प्रकाश पसरतांच धर्मकल्पना मावळतील, असें एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ सुधारकांस वाटे. पुढील शतकानें निराळीच साक्ष दिली. लंडनमधील जॉर्ज किंग या योगाभ्यासी टॅक्सीचालकास १९५४ सालीं परग्रहावरील सिद्धांचा संदेश आला, असें त्याचें म्हणणें. त्यावरून १९५५ सालीं त्यानें ‘एथेरियस सोसायटी’ स्थापिली. बुद्ध व येशू शुक्रावरून, तर श्रीकृष्ण शनीवरून अवतरले, असें हा पंथ मानतो. १९५८ ते १९६१ या काळांत, डेव्हनमधील होल्डस्टोन डाऊनपासून आरंभ करून, किंगच्या द्वारें कित्येक पर्वत दिव्य शक्तीनें भारले गेले, अशी अनुयायांची श्रद्धा असून ते तेथें यात्रेस जातात. मंत्र व प्रार्थना यांची शक्ति बॅटरींत सांठवून संकटकाळीं ती जगाकडे सोडण्याचा विधि १९७३ सालीं सुरू झाला.

कर्म, पुनर्जन्म, मंत्र हीं तत्त्वें आपल्या परिचयाचीं. वेष तेवढा आकाशयानाचा! १९७० सालीं सोव्हिएट रशियाचें ‘व्हेनेरा ७’ हें यान शुक्रावर उतरलें व तेथें शिसें वितळेल एवढी उष्णता आढळली. परंतु तेथील जीव सूक्ष्म भूमिकेवर राहतात, ही शिकवण असल्यामुळें पंथास धक्का बसला नाहीं.

येथेंच खरा प्रश्न उद्भवतो. श्रद्धेनें श्रद्धा म्हणून रहावें, त्यास आमची हरकत नाहीं. पण जिचें खंडन कोणत्याही प्रयोगानें होऊं शकत नाहीं, तिनें विज्ञानाची परिभाषा उसनी घेऊं नये. आपल्याकडेही व्रतवैकल्यांस विजेची व लोहचुंबकाची उपपत्ति लावणारे विद्वान थोडे झाले नाहींत. किंगच्या बॅटरीस हंसण्यापूर्वीं हीच कसोटी आपण त्यांसही लावावी.