बेदाणा, सरबत, बिस्किट : पाकिटावरचा २२३ नंबर म्हणजे काय? सल्फाईटपासून कोणी जपायचं?

वडोदरा : घर रावपुऱ्यात असो की बेळगावात, शिऱ्यातला बेदाणा सोनेरीच लागतो. हा रंग टिकवायला बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्यातून मालात जे उरतं ते सल्फाईट.

नंबर कोणते?
पाकिटावर २२० ते २२८ यापैकी नंबर दिसला की समजायचं, सल्फाईट आहे. २२० म्हणजे सल्फर डायऑक्साईड, २२३ सोडियम मेटाबायसल्फाईट आणि २२४ पोटॅशियम मेटाबायसल्फाईट. बुरशी रोखायला आणि माल काळा पडू नये म्हणून ते वापरतात. सुका मेवा, स्क्वॅश-क्रश, वाईन यात ते असतं. बिस्किटाच्या पिठातही २२३ घालतात. भाषा कुठलीही असो, नंबर सगळीकडे तेच.

कायदा काय सांगतो?
सल्फाईट वापरायला परवानगी आहे, पण पदार्थानुसार मर्यादा ठरलेली आहे. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत तसं छापणं एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत हवंच. गुजराती, मराठी, कन्नड जोडीला चालते.

त्रास कोणाला?
बहुतेकांना काही होत नाही. दमा असलेल्यांपैकी काहींना मात्र छाती आवळते, धाप लागते. क्वचित अंगावर गांधी उठतात. त्रास जास्त झाला तर तो जिवावरही बेतू शकतो. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत नको.

किती चालतं?
जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम. समजा बेदाण्यात किलोमागे ७५० मिलिग्रॅम आहे, तर २० ग्रॅममध्येच १५ मिलिग्रॅम पोटात जातं. एक मूठ झाली की मर्यादा संपली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०२२ मध्ये म्हटलं, की जास्त खाणाऱ्यांच्या बाबतीत काळजीचं कारण असू शकतं.

घ्यायची काळजी
- खरी अडचण सुट्या मालाची. त्यावर लेबलच नसतं. घरात दम्याचा पेशंट असेल तर लेबल असलेलं पाकीट घ्या.
- फार पिवळाधमक, एकसारखा दिसणारा माल म्हणजे चांगलाच, असं नाही.
- भिजवून, धुऊन सल्फाईटचा काही भागच जातो, सगळा नाही. दमेकऱ्याने त्यावर विसंबू नये.
- खाल्ल्यावर धाप लागली तर पाकीट सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.
- तक्रारीसाठी एफएसएसएआयची हेल्पलाईन १८०० ११ २१०० आहे. बिल आणि पाकीट जपून ठेवा.