उपग्रह प्रतिमा व भूजल नकाशे : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के क्षेत्रात बेसाल्ट खडक आहे. या कठीण खडकात पाणी सर्वत्र सारखे मुरत नाही; ते मुरमाच्या थरात, सांध्यांत व भेगांत साठते. त्यामुळे विहिरीची जागा ठरविणे हा येथील शेतकऱ्यासाठी पूर्वापार जोखमीचा प्रश्न राहिला आहे.

१९७२ च्या दुष्काळाने या प्रश्नाचे गांभीर्य प्रकर्षाने पुढे आले. त्याच सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला, तर मार्च १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह सोडण्यात आला. पुढे भौगोलिक माहिती प्रणालीमुळे खडक, भूरूपे, उतार, जलप्रवाह व भेगा यांचे स्तर एकत्र आणून, प्रत्येकास भारांक देऊन भूजल संभाव्य क्षेत्रे निश्चित करणे शक्य झाले.

तथापि, अशा प्रतिमांत खडकातील पाणी प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतात त्या पृष्ठभागावरील खुणा. म्हणून निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी पडताळणी आवश्यक ठरते. शिवाय असा नकाशा पाणी कोठे मिळू शकेल हे सांगतो. किती उपसावे हे सांगत नाही. केवळ नव्या कूपनलिकांसाठी त्याचा वापर झाल्यास तो टंचाईसच हातभार लावील. पुनर्भरणाच्या जागा निवडण्यासाठी व पेयजल स्रोतांच्या रक्षणासाठी तो वापरला जाणे, हीच त्याची खरी उपयुक्तता होय.