‘आम्ही’ की ‘आपण’?

इंग्रजीतला ‘वी’ एक गोष्ट सांगतच नाही: ऐकणारा त्यात धरलाय की नाही. मराठी ती सांगते. ‘आम्ही जातो’ म्हटलं की तुम्ही मागे राहिलात. ‘आपण जाऊ’ म्हटलं की तुम्हीही निघालात. ‘आम्ही’ आला प्राकृत ‘अम्हे’वरून, ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’वरून. त्याच ‘आत्मन्’चं हिंदीत ‘आप’ झालं, पण हा भेद प्रमाण हिंदीत नाही. द्राविडी भाषांत मात्र तो जुना आहे. सिरोंच्याकडच्या तेलुगूत ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. मराठीत तो द्राविडी शेजारातूनच आला, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. गावाची घोषणा आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ इथे ‘आपणच’ घालून बघा. समोरचा साहेबही आत येतो आणि घोषणेची धारच जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. ही लढाई ‘आम्ही’ची. पण ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. एकालाही वगळून तिथे ‘आपण ठरवलं’ म्हणता येत नाही. आत ‘आपण’ पक्कं, म्हणून बाहेर ‘आम्ही’ला वजन. इंग्रजी अहवालात दोन्हींचं ‘वी’ होतं, आणि नेमकं हेच हरवतं.